‘कंपाउंड’चा माग: एका इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि मूळ कसं शोधायचं

अनुवादाच्या कामात नव्याने पडलेल्यांना एक अडचण हमखास येते. इंग्रजी शब्द ओळखीचा असतो, आपण तो रोज बोलतोही, पण समोरच्या वाक्यात त्याचा अर्थ बसत नाही. कोश उघडावा तर अर्थांची लांबलचक रांग. इंटरनेटवर बघावं तर शब्दाच्या जन्माच्या चार वेगवेगळ्या कथा, आणि चारही ठामपणे सांगितलेल्या. मी कोर्टाच्या आणि महसुलाच्या कागदांचे अनुवाद करते, त्यामुळे हे कोडं माझ्या टेबलावर सतत असतं. ते सोडवायची जी रीत हाताला बसली, ती इथे एकच शब्द घेऊन दाखवते: ‘कंपाउंड’.

हाच का? कारण तो मराठी घरात चार दारांनी शिरला आहे. सोसायटीचं कंपाउंड, दवाखान्यातला कंपाउंडर, बँकेचं कंपाउंड इंटरेस्ट, आणि वकील बोलतात ते ‘मॅटर कंपाउंड झालं’. यातलं एक दार वेगळ्याच रस्त्यावर उघडतं. कुठलं, ते पुढे.

हाताशी काय हवं

- शब्दाची व्युत्पत्ती देणारा एक इंग्रजी कोश. मेरियम-वेबस्टर ऑनलाइन फुकट आहे. ऑक्सफर्डचा मोठा कोश पैसे भरून मिळतो. मोठ्या ग्रंथालयात त्याचे छापील खंड मिळाले तर उत्तम. घाईच्या वेळी एटिमऑनलाइन हे संकेतस्थळ चालतं.
- हॉब्सन-जॉब्सन. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी असलेल्या शब्दांचा हा कोश हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी केला, 1886 मध्ये छापला गेला. आशियात वावरलेल्या इंग्रजी शब्दासाठी याला पर्याय नाही.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (1857 ची दुसरी आवृत्ती) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. हे दोन्ही आणि हॉब्सन-जॉब्सनही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात.
- कायद्याचा किंवा सरकारी मजकूर असेल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, विशेषतः न्यायव्यवहार कोश.
- एक वही. संगणकावरची फाइलही चालेल, पण नोंदी एका जागी हव्यात.

1. आधी वाक्यं जमवा, अर्थ नंतर

नवखा माणूस सरळ कोशाकडे धावतो. थांबा. शब्द जिथे जिथे वापरलेला दिसतो ती वाक्यं आधी उतरवून काढा, मराठी-इंग्रजी दोन्ही. ‘कंपाउंड’साठी माझ्या वहीत साधारण असा माल आहे:

गाडी कंपाउंडमध्ये लावा. पाणी हे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं कंपाउंड आहे. मुदत ठेवीवर व्याज दर तिमाहीला कंपाउंड होतं. पायाला कंपाउंड फ्रॅक्चर झालं. कडुनिंबाचं पान कंपाउंड असतं. माशीचा डोळा कंपाउंड असतो. हा गुन्हा कंपाउंडेबल नाही. आधीच उशीर, त्यात पावसाने अडचण कंपाउंड केली. आणि एक पत्ता: कमला मिल्स कंपाउंड, लोअर परळ.

बातम्यांतलीही वाक्यं घ्या. मे 2011 मध्ये अबोटाबादला ओसामा बिन लादेन मारला गेला तेव्हा इंग्रजी बातम्यांत त्याच्या राहत्या जागेला सगळीकडे ‘कंपाउंड’च म्हटलं होतं. मराठीत ते नुसतं ‘घर’ नव्हे, उंच भिंतींच्या आतलं आवार.

2. वाक्यांचे ढीग पाडा

आता कोश न बघता, फक्त अक्कल वापरून वाक्यं वेगळी करा. प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारा: इथे काही *एकत्र आलंय* का, की इथे *एक जागा* आहे?

हायड्रोजन-ऑक्सिजन एकत्र. मुद्दल आणि व्याज एकत्र. एका देठावर अनेक पर्णिका. अनेक बारीक डोळ्यांचा मिळून एक डोळा. हा पहिला ढीग. सोसायटीचं आवार, गिरणीचं आवार, अबोटाबादचं आवार हा दुसरा.

गुन्हा आणि फ्रॅक्चर कुठल्याच ढिगात नीट बसत नाहीत. बसवू नका, बाजूला ठेवा. ओढूनताणून ढिगात कोंबणं हा या पायरीवरचा सगळ्यात मोठा सापळा आहे. ‘आवारात सगळी घरं एकत्र असतात, म्हणून कंपाउंड’ असं म्हणायचा मोह होतो. फार पटण्यासारखं वाटतं, आणि चूक आहे.

3. कोशातले बारीक आकडे बघा

चांगल्या इंग्रजी कोशात शब्दाच्या खांद्यावर किंवा पुढे बारीक 1, 2, 3 असे आकडे असतात. अर्थांना दिलेले आकडे वेगळे, हे शब्दालाच दिलेले. काही कोश क्रियापद, विशेषण, नाम यांनाही असेच आकडे देतात, म्हणून नुसता आकडा बघून निकाल देऊ नका. प्रत्येक नोंदीखालची व्युत्पत्ती वाचा. व्युत्पत्ती वेगळी निघाली तर कोशकार तुम्हाला सांगतोय की लिहायला सारखे दिसले तरी हे दोन निरनिराळे शब्द आहेत.

‘कंपाउंड’ उघडला की एका नोंदीखाली लॅटिन दिसतं आणि दुसरीखाली मलय, म्हणजे मलेशिया-इंडोनेशियाकडची भाषा. म्हणजे मघाशी वाट बघायला सांगितलेलं ते वेगळं दार आवाराचं आहे. कंपाउंडर, व्याज आणि कोर्ट ही सख्खी भावंडं. सोसायटीचं कंपाउंड त्यांच्या रक्ताचं नाही.

जाता जाता उच्चाराचीही नोंद घ्या. इंग्रजीत नाम आणि विशेषण असताना जोर ‘कं’वर येतो, क्रियापद असताना ‘पाउंड’वर. मराठीत हा फरक ऐकू येत नाही.

4. पहिल्या घराण्याचं मूळ: अर्थ कसा फुटत गेला

लॅटिन ‘कॉम्पोनेरे’. ‘कॉम’ म्हणजे सोबत, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. दोन्ही मिळून ‘एकत्र ठेवणं’. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे शब्द इंग्रजीत आला. मध्ययुगीन इंग्रजीत त्याच्या शेवटी ‘ड’ नव्हता. ‘एक्स्पाउंड’, ‘प्रोपाउंड’ या शब्दांच्या वळणावर जाऊन तो नंतर चिकटला. ‘साउंड’ म्हणजे आवाज, त्याचा ‘ड’ही असाच उपरा, फ्रेंच मूळ शब्दात तो नाही. मुळाशी जाताना एखादं अक्षर अनाथ वाटलं तर घाबरू नका, अशी अक्षरं येत-जात असतात.

‘एकत्र ठेवणं’ या एका अर्थातून बाकीचे कसे निघाले, ते क्रमाने लिहून काढा. मूळ कळणं हे अर्धंच काम, वाट कळायला हवी.

औषधं एकत्र करणारा तो कंपाउंडर. जुन्या दवाखान्यात डॉक्टर चिठ्ठी लिहून देत आणि कंपाउंडर खलबत्त्यात कुटून, पाण्यात मिसळून लाल-गुलाबी मिक्स्चर बाटलीत भरून देई. बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली असे. आता गोळ्या कारखान्यातूनच पाकिटात येतात. मिसळायचं काम गेलं, मिसळणाऱ्याचं नाव तेवढं राहिलं.

मुद्दलात व्याज मिसळलं आणि त्या बेरजेवर पुन्हा व्याज लागलं की कंपाउंड इंटरेस्ट. 10,000 रुपये दहा टक्क्यांनी तीन वर्षं ठेवले तर सरळव्याजाने 13,000 होतात, चक्रवाढीने 13,310. मराठीने इथे ‘एकत्र’ हा धागा सोडून ‘चक्रवाढ’ असं चाकाचं चित्र घेतलं, आणि माझ्या मते ते इंग्रजीहून सरस आहे.

कंपाउंड फ्रॅक्चरमध्ये पुष्कळ जण फसतात. ‘हाडाचे अनेक तुकडे’ असा अर्थ लावतात. तसं नाही. हाड मोडण्यासोबत कातडीवर उघडी जखमही असते, दोन इजा एकत्र, म्हणून कंपाउंड. डॉक्टर आता याला ‘ओपन फ्रॅक्चर’ म्हणतात. तुकडे-तुकडे झालेल्या हाडाला इंग्रजीत वेगळा शब्द आहे. वैद्यकीय अहवालाचा अनुवाद करताना हे ध्यानात ठेवा, विम्याचा दावा अशा शब्दांवर अडतो.

कंपोस्ट खतसुद्धा याच घराण्यातलं, ‘एकत्र ठेवलेलं’. कंपोनंटही. ‘कंपोज’ मात्र जपून. त्याचा ‘पोज’ हा भाग वेगळ्या लॅटिन शब्दातून फ्रेंचमध्ये आला आणि दिसायला सारखा म्हणून ‘पोनेरे’च्या कुटुंबात मिसळून गेला. दत्तक म्हणा हवं तर.

5. बाजूला ठेवलेलं वाक्य: कोर्टातला ‘कंपाउंड’

यासाठी वेगळी पायरी करते आहे, कारण इथली चूक महागात पडते.

‘दोन्ही पक्षांनी गुन्हा कंपाउंड केला’ याचा अर्थ त्यांनी तो *मिटवला*. आणि ‘पावसाने अडचण कंपाउंड केली’ म्हणजे पावसाने ती *वाढवली*. एकच क्रियापद, उलटे अर्थ. नवखा अनुवादक रोजच्या वाचनातला ‘वाढवणं’ हा अर्थ घेऊन कोर्टाच्या कागदात ‘पक्षकारांनी गुन्हा अधिक गंभीर केला’ असं लिहून मोकळा होतो. तडजोड करून घरी गेलेल्या माणसांवर केवढा अन्याय!

हे कसं झालं? ‘एकत्र ठेवणं’ यातून ‘एकत्र येऊन ठरवणं’ हा अर्थ निघाला, त्यातून ‘काही देऊन-घेऊन वाद मिटवणं’. इंग्रजी कायद्यात गंभीर गुन्हा पैसे घेऊन दाबणं, फिर्याद न करणं, यालाही हेच क्रियापद लागलं. कायदा न शिकलेल्यांनी तो वाक्प्रयोग ऐकला, त्यातला वाईटपणा तेवढा पकडला आणि ‘गुन्हा आणखी वाईट करणं’ असा समज करून घेतला. ‘बिघडवणं, वाढवणं’ हा आजचा अर्थ अशा गैरसमजातून आला, असं ऑक्सफर्डचे कोशकार सांगतात. चूक रूढ झाली की तीच भाषा. आजच्या इंग्रजीत तो अर्थ चूक म्हणता येणार नाही.

आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये कुठले गुन्हे असे मिटवता येतात त्याचे तक्ते आहेत: काही पक्षकारांना आपसात, काही कोर्टाची परवानगी घेऊन. 1 जुलै 2024 पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 मध्ये होतं, त्यामुळे जुन्या कागदांत तो आकडा दिसेल. गुन्हा असा मिटला की त्याचा परिणाम आरोपी निर्दोष सुटल्यासारखा धरतात. चेक न वटल्याच्या खटल्यात तर हा शब्द सारखा भेटतो. परक्राम्य संलेख कायद्याचं कलम 147 त्यासाठीच आहे. मराठीत ‘तडजोडीने मिटवणं’ किंवा ‘आपसात मिटवणं’ लिहा. ‘संयुक्त गुन्हा’ असं कधीही नको. यांत्रिक अनुवादावर डोळे झाकून विसंबलात तर अशी चीज हाती येऊ शकते.

जीएसटीतली ‘कंपोझिशन’ योजनाही या अर्थाच्या शेजारची. छोट्या व्यापाऱ्याने प्रत्येक व्यवहाराचा हिशेब न मांडता उलाढालीवर ठरलेला टक्का भरून मोकळं व्हायचं. कंपोझिशन म्हणजे इथे रचना नव्हे, ठरवून मिटवणं.

6. दुसऱ्या घराण्याचं मूळ: साल आणि गाव विचारा

आवाराच्या अर्थाकडे या. इथे लॅटिन सोडा, हॉब्सन-जॉब्सन उघडा.

त्यात नुसता अर्थ देऊन थांबत नाहीत. शब्द कुठल्या साली, कुठल्या कागदात दिसला ती वाक्यं सालवार लावलेली असतात. अर्थ एक वेळ नंतर वाचा, ही वाक्यं आधी वाचा. ‘कंपाउंड’खाली 1679 ची नोंद सापडते. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचे इंग्रज दौऱ्यावर होते. आंध्रच्या किनाऱ्यावर मदापोल्लमजवळ डचांची वखार त्यांनी पाहिली. मोठं कंपाउंड, निळं कापड रंगवण्याचं काम, जमिनीत पुरलेली तीनशेवर रांजणं.

या एका नोंदीतून तीन गोष्टी कळतात. सतराव्या शतकातच शब्द हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी होता. तो वखारीच्या आवारासाठी होता. आणि त्या आवाराचे मालक डच होते.

डच तेव्हा आजच्या इंडोनेशियात पाय रोवून होते. 1641 मध्ये त्यांनी पोर्तुगीजांकडून मलाक्काही घेतलं होतं. पोर्तुगीजांनी मलाक्का जिंकलं 1511 मध्ये. ते जिंकणारा अफोन्सो द अल्बुकर्क तोच, ज्याने आदल्या वर्षी गोवा घेतला. या मलय मुलुखात ‘काम्पुंग’ म्हणजे वस्ती, वाडी, शहरातला एखादा जमातीचा मोहल्ला. सिंगापूरचं काम्पोंग ग्लाम, क्वालालंपूरचं काम्पुंग बारू ही नावं आजही आहेत. पोर्तुगीज किंवा डच तोंडातून हा शब्द इंग्रजांकडे आला, आणि कान आधीच ‘कंपाउंड’ला सरावलेले असल्यामुळे ‘काम्पुंग’ने तेच रूप घेतलं. परक्या शब्दाला ओळखीच्या शब्दाचे कपडे घालायची सवय सगळ्याच भाषांना आहे.

हॉब्सन-जॉब्सनमध्ये याच शब्दाच्या पोर्तुगीज मुळाच्या शक्यतांचीही चर्चा आहे. एकाच नोंदीत दोन-तीन मतं दिसली की गोंधळू नका. यूल कुठल्या बाजूला झुकतो ते बघा, आणि आजचा कोश काय म्हणतो ते ताडून पाहा. ‘कंपाउंड’बाबत दोघेही मलयकडे झुकतात. शेवटी हा कोश 1886 चा आहे. वाक्यं आणि सालं यांसाठी त्याच्यावर भरवसा ठेवा, व्युत्पत्तीसाठी दुसरा साक्षीदार घ्या.

आशियातून हा शब्द पुढे आफ्रिकेत गेला. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत 1880 च्या दशकात मजुरांना कामाच्या कराराभर बंद आवारात ठेवत. ती आवारं म्हणजे कंपाउंडं. मूळ मलय वाडी, शेवट काटेरी तारेत.

7. ‘कुंपण’चा सापळा

आता ती जागा जिथे मराठी माणूस हटकून घसरतो. ‘अहो, कंपाउंड म्हणजे आपलं कुंपणच की! इंग्रजांनी आपल्याकडून उचललं.’ ऐकायला गोड आहे. नाद जुळतो, अर्थही जवळ आहे.

असा दावा समोर आला की तीन प्रश्न विचारा.

एक, सर्वात जुनी नोंद कुठली? मराठी मुलुखातली नव्हे, आंध्रच्या किनाऱ्यावरची, तीही डच वखारीबद्दल. दोन, अर्थ नेमका जुळतो का? कुंपण म्हणजे कड, काट्यांची वा तारेची. इंग्रजीतलं कंपाउंड म्हणजे कडेच्या आतली *जमीन*. तीन, मधल्या कड्या आहेत का? मलाक्का, पोर्तुगीज, डच, वखार ही साखळी मलय शब्दामागे उभी आहे. कुंपणामागे फक्त नादसाम्य. वर दिलेले इंग्रजी कोश मूळ म्हणून ‘कुंपण’ देत नाहीत.

हेच तीन प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘प्रत्येक इंग्रजी शब्द संस्कृतातून’ छापाच्या यादीलाही लावा. यादीतले काही शब्द टिकतीलही. ‘पंडित’वरून इंग्रजी ‘पंडिट’ खरंच गेला आहे. पण टिकला तो साल आणि कागद दाखवून टिकला.

8. मराठीत आल्यावर शब्दाचं काय झालं, तेही तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. इंग्रजीत ‘कंपाउंड’ म्हणजे आवार, आणि भिंतीला वेगळं ‘कंपाउंड वॉल’ म्हणावं लागतं. मराठी बोलण्यात मात्र ‘कंपाउंडवरून उडी मारली’, ‘शेताला तारेचं कंपाउंड घातलं’, ‘कंपाउंडला रंग दिला’. म्हणजे शब्द आपल्याकडे येऊन जमिनीवरून भिंतीवर चढला. गंमत अशी, की आपल्या तोंडी तो खरोखरच कुंपणाच्या जागी जाऊन बसला. आतल्या जमिनीचा अर्थही सुटलेला नाही, ‘गाडी कंपाउंडमध्ये लावा’ आहेच.

म्हणून मराठीतून इंग्रजीत जाताना उलटी काळजी घ्या. पंचनाम्यात ‘आरोपी कंपाउंडवर बसला होता’ असं असेल तर इंग्रजीत ‘वॉल’ हवी, नाहीतर आरोपी आवारात बसलेला होईल आणि उलटतपासणीत वकील तेवढंच धरून बसतील.

9. नोंद लिहून ठेवा

सगळं झाल्यावर वहीत आटोपशीर नोंद करा. माझी अशी आहे:

कंपाउंड (अ): लॅटिन, एकत्र ठेवणं. रसायन: संयुग. व्याज: चक्रवाढ. पान, डोळा, सूक्ष्मदर्शक: संयुक्त. शब्द: सामासिक. फ्रॅक्चर: उघड्या जखमेसह. कायदा: तडजोडीने मिटवणं. रोजचं इंग्रजी: वाढवणं, बिकट करणं.

कंपाउंड (आ): मलय ‘काम्पुंग’. आवार. पत्त्यात असेल तर तसंच ठेवावं. ‘कमला मिल्स आवार’ लिहिलं तर टपाल फिरत राहील. मराठी बोलीत भिंत, तारेची कड.

सरावाला ‘पंच’ घ्या: कागदाला भोक पाडणारा, ग्लासातला आणि बाहुल्यांच्या खेळातला. त्यातल्या एकाची वाट आपल्या ‘पाच’कडे येते असं सहसा मानतात. नंतर ‘टँक’ घ्या, पण आधी नाही. तिथे टाकी, पोर्तुगीज ‘तांक’ आणि 1916 च्या लढाईतलं रणगाड्याचं गुप्त नाव असे तीन धागे गुंतले आहेत, आणि हॉब्सन-जॉब्सनची ती नोंद सावकाश वाचावी लागते.